रिळावरची नायलॉन दोरी टाकू नका, उलटी भरा

हतनूर किंवा गिरणा धरणाच्या फुगवट्यावर मरळ माशासाठी गळाची काठी फेकणाऱ्यांची दोरी वर्षभरात खरखरीत होते आणि मग सगळं रीळ नव्यानं भरलं जातं. पण झिजते ती बाहेरची तीस-चाळीस मीटरच. आतली बहुतेक दोरी पाण्यात उतरलेलीच नसते. म्हणून दोरी उलटवायची, म्हणजे आतलं टोक बाहेर येतं. त्यासाठी दोन बाटल्यांवर गुंडाळण्याचा खटाटोपही नको. कापूस उपटून रान मोकळं झालं की बांधावरच हे काम होतं.

१. खराब झालेला पुढचा तुकडा कापून टाका. उरलेलं टोक बाभळीला बांधा.
२. रीळ मोकळं सोडत सरळ चालत जा. शेवटी दोरी रिळापासून सोडा आणि ते टोक दगडाखाली दाबा.
३. बाभळीपाशी परत या, तिथलं टोक सोडून रिळाला बांधा. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा, कोरडी आवळली तर नायलॉन तिथंच कमजोर होतं.
४. आता गुंडाळा. दोरी ओल्या फडक्याच्या चिमटीतून येऊ द्या. माती निघते आणि ताणही बसतो. सैल भरलेली दोरी पहिल्याच फेकीत गुंता करते, म्हणून इथं घाई नको.

रीळ काठोकाठ भरत नसेल तर तळाला कुठलीही जुनी दोरी चालते. काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा मात्र सोडा.

मे महिन्यात पत्र्याखाली किंवा उन्हात पडलेली दोरी आतूनही गेलेली असते. हातभर तुकड्याला गाठ मारून झटका द्या. तुटली तर सगळीच काढा. कापलेले तुकडे खिशात घालून घरी आणा, काठावर ते पक्ष्यांच्या पायात अडकतात.