जुनी सी २०० कोम्प्रेसर घेताय? आधी इंजिनाचे पहिले तीन सेकंद ऐका

नव्या हॅचबॅकच्या पैशांत दहा-पंधरा वर्षं जुनी मर्सिडीज मिळते. पण गाडी स्वस्त झाली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत, हे लक्षात ठेवूनच पुढे जायचं.

हा लेख डब्ल्यू २०४ पिढीच्या पेट्रोल सी-क्लासबद्दल आहे, डिकीवर 'कोम्प्रेसर' लिहिलेल्या. ही पिढी आपल्याकडे २००८ साली आली. मर्सिडीजची जुळणी १९९५ पासून पिंपरीत व्हायची, २००९ मध्ये ती चाकणला गेली. म्हणजे गाडी जर्मन असली तरी एका अर्थी पुण्याचीच.

आत बसलंय ते एम २७१ इंजिन: १७९६ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. ताकद १८४ पीएस, टॉर्क २५० न्यूटन-मीटर. कोम्प्रेसर म्हणजे सुपरचार्जर, बेल्टवर फिरणारा. टर्बोसारखी एक्झॉस्टची वाट बघत बसत नाही, त्यामुळे सिग्नल सुटल्यावर पाय ठेवला की गाडी लगेच उचलते. नंतर आलेल्या सीजीआय गाड्यांत याच इंजिनाला टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन मिळालं. टायमिंग चेनची तक्रार मात्र त्यांच्यातही राहिली. ही साखळी खालच्या क्रँकशाफ्टवरून वरचे कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, फिरवते.

आणि मुद्दा चेनचाच आहे. बाकी दुखणी खिशाला लागतात, पण चेन इंजिनच घेऊन जाते.

पहिलं काम: गार इंजिन ऐका

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचलात की बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा किंवा दुसऱ्या दिवशी या, पण गरम इंजिनावर निर्णय घेऊ नका.

आता बॉनेट उघडून पुढे उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत समोरच्या बाजूने पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड आली आणि मग गप्प झाली, तर तो चेनचा नाहीतर कॅम ॲडजस्टरचा (कॅमचं टायमिंग पुढे-मागे करणाऱ्या दातेरी चाकाचा) आवाज. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं आणि सकाळी दाब येईपर्यंत सैल झालेली चेन आपटत राहते. गरम इंजिनात दाब पटकन येतो, म्हणून दुपारी हीच गाडी अगदी शहाण्यासारखी वागते.

माझ्या गाडीला हा आवाज होता. एका गॅरेजवाल्याने "टॅपेट आहे साहेब, जाडं ऑइल टाकू" म्हणून सांगितलं. टाकलं. आवाज महिनाभर दबला, मग परत आला. शेवटी व्हॉल्व्ह कव्हर उघडलं तर ॲडजस्टरचे दात शार्कच्या दातांसारखे एका बाजूला झुकलेले.

आवाज नसला तरी स्कॅनर लावाच. पी००१६ कोड म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. त्यावर कोड पुसून भागत नाही. एक नंबरचा सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणून कॅमच्या खुणा जुळतात का ते बघायला लावा. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं.

बदलायचीच झाली तर चेन, टेन्शनर आणि दोन्ही ॲडजस्टर एकदमच बदला. ॲडजस्टर महाग आहेत म्हणून नुसती चेन टाकून देणारे भेटतील. झिजलेल्या दातांवर नवी चेन म्हणजे जुन्या चपलेला नवा अंगठा.

दुसरं: कॅम मॅग्नेटची वायर

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण करत नाहीत. हेडच्या पुढच्या तोंडावर कॅम ॲडजस्टर चालवणारे दोन गोल विजेचे मॅग्नेट आहेत. इंजिन बंद करून त्यांचे कनेक्टर काढा आणि आत पांढऱ्या कपड्याचं टोक फिरवा. ऑइल लागलं तर मॅग्नेट आतून गळतोय. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं हे ऑइल वायरच्या आतून चढत जातं; थेट ऑक्सिजन सेन्सर, आणि फारच दुर्लक्ष झालं तर इंजिनाच्या कंट्रोल युनिटपर्यंत. मॅग्नेट बदला आणि मधे जोडायची छोटी वायर मिळते ती लावा. पुन्हा गळलं तरी ऑइल त्या तुकड्यातच अडकतं. इंजिनाच्या सगळ्या वायरिंगच्या (हार्नेसच्या) खर्चापुढे ही वायर काहीच नाही.

तिसरं: ब्रीदरचे पाइप

आयडलिंगला इंजिन वर-खाली होतंय, चेकलाइट पेटलाय, स्कॅनरवर पी०१७१ (हवा जास्त, पेट्रोल कमी) दिसतंय? लगेच इंजेक्टर साफ करायला देऊ नका. क्रँककेसची वाफ इनटेककडे नेणारे रबरी पाइप उष्णतेने तडकतात आणि तिथून फुकटची हवा आत शिरते. पाइप वरून धडधाकट दिसतात. वाकवून खालची बाजू बघा.

ऑइल आणि बाकीचं

साडेपाच लिटर फुल सिंथेटिक, डब्यावर मर्सिडीजची एमबी २२९.५ मंजुरी छापलेली. ब्रँड कुठलाही चालेल, तो आकडा हवा. फिल्टर वरूनच निघतो. टोपीची ओ-रिंग (रबरी कडी) दर वेळी नवी टाका आणि टोपी २५ न्यूटन-मीटरलाच थांबवा, प्लास्टिक आहे. मीटर १५ हजार किलोमीटर म्हणत असला तरी मी आठ हजारांना किंवा वर्षाला बदलतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये किलोमीटर कमी आणि इंजिन चालू राहण्याचे तास जास्त, हा हिशेब मीटरला कळत नाही. या चेनला घाणेरडं ऑइल सगळ्यात जास्त बाधतं.

कूलंट मर्सिडीजच्या मंजुरीचाच घ्या आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी घाला. बोअरचं पाणी नको. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं. हे इंजिन ई२० च्या (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) आधीच्या काळातलं आहे, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं.

बेल्टवर तडे दिसले तर थांबू नका, सुपरचार्जर बेल्टवरच फिरतो. प्लग, एअर फिल्टर नेहमीसारखेच.

एवढं सांगूनही विकणारा सकाळी सातला गाडी गार ठेवायला तयार नसेल, तर दुसरी गाडी बघा.