शार्क कशाने जवळ येतो? डाइव्हपूर्वी तपासून घ्यायच्या समजुती

हाताचे बोट खरचटले किंवा मासिक पाळी सुरू झाली, एवढ्यावरून समुद्रातली ठरलेली डाइव्ह (पाण्याखालची बुडी) रद्द करू नये. रक्ताचा एक थेंब मैलभर दूरच्या शार्कला कळतो, ही समजूत सर्वांत चिवट आहे. पण वास पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहतो आणि वाहताना विरळ होत जातो, त्यामुळे प्रवाहाच्या वरच्या अंगाला असलेल्या शार्कपर्यंत तो पोहोचतच नाही. पाळीमुळे हल्ल्याचा धोका वाढतो, असेही दिसून आलेले नाही. लघवीने शार्क जवळ येतो, असेही म्हणतात; पण तो प्रश्न शार्कपेक्षा वेटसूट (डाइव्हचा अंगाबरोबरचा रबरी पोशाख) धुणाऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे.

खरी सावधगिरी बाळगायची ती संकटात सापडलेल्या माशाबाबत. पाण्याखाली शिकार करताना स्पीअरने (भाल्याने) टोचलेला मासा तडफडतो तेव्हा त्याच्या कमी वारंवारतेच्या, तुटक कंपनांनी शार्क दुरूनच सावध होतो, वासाने त्याला दिशा मिळते, आणि अगदी जवळ आल्यावर त्याच्या तोंडापुढील भागातील जेलीने भरलेली सूक्ष्म छिद्रे, म्हणजेच लोरेन्झिनीच्या कुपिका, माशाच्या स्नायूंतील क्षीण विद्युत्-स्पंदने टिपतात. म्हणून शिकार कमरेला कधीही अडकवू नये. ती ताबडतोब बोटीत चढवावी; ते शक्य नसेल तर लांब दोरीने ओढल्या जाणाऱ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटवर ठेवावी, आणि शार्क तिच्या मागे लागलाच तर ती त्याला देऊन टाकावी.

पिवळा रंग शार्कला आवडतो म्हणून पायात घालायचे पिवळे फिन्स (पोहण्याचे पंख) टाळणारे डायव्हर पुष्कळ भेटतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शार्कच्या 17 जातींचे डोळे तपासले असता 10 जातींत रंगासाठी लागणाऱ्या शंकुपेशी आढळल्या नाहीत, तर उरलेल्या 7 जातींत त्यांचा एकच प्रकार सापडला. म्हणजे आवडनिवड दूरच, रंग ओळखण्याचीच मारामार. उठून दिसतो तो गडद-फिकट रंगांतला फरक. चकाकणारे दागिने मात्र काढून ठेवावेत, कारण गढूळ पाण्यात त्यांची लकाकी माशाच्या खवल्यांसारखी भासू शकते. गढूळ पाणी आणि संधिप्रकाशाची वेळ टाळणे अधिक चांगले.

शार्क दिसलाच तर हातपाय झाडू नयेत. बडीच्या (डाइव्हमधल्या जोडीदाराच्या) जवळ सरकावे, शरीर उभे ठेवावे, शक्य असल्यास पाठ खडकाकडे करावी आणि त्याच्यावरची नजर हटवू नये. घाबरून झपाट्याने वर आल्यास फुप्फुसांना इजा होण्याचा किंवा डिकम्प्रेशनचा त्रास (दाब झटकन घटल्याने शरीरात वायूचे बुडबुडे) होण्याचा धोका असतो. शार्क केवळ दुरून फिरत असेल तर वर येताना 5 मीटर खोलीवर घ्यायचा 3 मिनिटांचा थांबा, म्हणजे सेफ्टी स्टॉपही पूर्ण करावा.