दहा शब्दांत परीक्षण: चित्रपटावर कोटी कशी करावी

चित्रपट सुटला की पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत पहिलं मत तोंडातून निघालेलं असतं. “बरा होता, पण दुसऱ्या भागात रेंगाळला.” कोटीबाज परीक्षणाची सुरुवात या साध्या वाक्यापासून करायची. आधी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवा. मत ठरायच्या आधी शब्दांशी खेळायला बसलं, तर कोटी कितीही चमकली तरी वाचणाऱ्याला तिकीट काढायचं की नाही ते कळत नाही.

मग पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे चित्रपटातल्या वस्तू, धंदे, जागा आणि क्रिया लिहा. पंधरा-वीस शब्द तरी हवेत, कारण पहिले पाच-सहा सगळ्यांनाच सुचतात. उजवीकडे परीक्षणाची रोजची भाषा येते: पात्र, भूमिका, पदर, चाल, पकड, भाव, खोली, पडणे, चालणे, रंगणे, उतरणे, बेतणे. ही उजवी यादी एकदाच करून ठेवायची आणि वाढवत न्यायची. आता दोन्हीकडे बसणारा शब्द शोधा. तो सापडला की निम्मं काम झालं.

समजा, नदीकाठच्या एका कुटुंबाची गोष्ट आहे आणि तुमचं साधं मत असं, की माणसं वरवर रंगवलीत, नदीचं चित्रण मात्र जीव लावून केलंय. डावीकडे नदी, घाट, पूर, होडी, पात्र. उजवीकडे पात्र आहेच. “नदीकाठच्या कुटुंबाची गोष्ट, सगळ्यांत खोल पात्र नदीचंच.” सात शब्द झाले. विषय कळला, मत कळलं, आणि नदीपात्रातल्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या पुणेकराला दुसरा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

हा शब्द एवढा चोख का बसला, ते नीट पाहायला हवं, कारण मराठी कोट्या बहुतेक इथेच फसतात. नदीचं पात्र नपुंसकलिंगी आणि नाटकातलं पात्रही नपुंसकलिंगी. त्यामुळे विशेषण, क्रियापद, विभक्ती काहीही लावलं तरी दोन्ही अर्थ जागेवर राहतात. याउलट ‘नाव’ घ्या. ते नाव, पण पाण्यातली ती नाव. “मोठं नाव” म्हटलं की होडी बुडाली, “मोठी नाव” म्हटलं की कीर्ती गेली. प्रत्यय लावला तरी तेच: नावाला आणि नावेला. गळ्यातला हार मिळतो, मैदानावरची हार मिळते. मान मिळाला तर सन्मान, मान मोडली तर शरीराची. अशा शब्दांवर कोटी करायची असेल तर शब्द प्रथमेत ठेवा, त्याच्या आधी विशेषण येऊ देऊ नका आणि क्रियापद गाळा. तिन्ही जमत नसेल तर शब्द सोडून द्या.

कधी कधी मात्र सामान्यरूपच मदतीला येतं. ‘भाऊ’ आणि ‘भाव’ हे दोन निराळे शब्द, पण प्रत्यय लागला की दोघांचंही ‘भावा’ होतं. “दोन भावांची गोष्ट, चेहऱ्यावर एकाही भावाचा पत्ता नाही.” म्हणून डावीकडचा प्रत्येक शब्द एकदा ‘-ला’ आणि ‘-चा’ लावून पाहा. मूळ रूपात न दिसलेली जोडी तिथे सापडते.

एकाच लिंगातल्या तयार जोड्या पाठ असाव्यात. बुद्धिबळाची चाल आणि गाण्याची चाल, दोन्ही स्त्रीलिंगी: “बुद्धिबळावरचा संगीतपट, सगळ्या चाली आधीच ओळखू येतात.” राहायची खोली आणि विचारांची खोली: “अख्खा चित्रपट एकाच खोलीत, तरी खोली नाही.” साडीचा पदर आणि कथेचा पदर: “कौटुंबिक चित्रपट, सगळे पदर साड्यांनाच.” क्रियापदं तर सर्वांत सोयीची, कारण त्यांना स्वतःचं लिंग नसतं. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या पुनर्विकासाची गोष्ट असेल, तर “मध्यंतराला वाडा पडतो, नंतर चित्रपट.” बोलीतले इंग्रजी शब्दही चालतात, पण दोन्ही अर्थ मराठीत रुळलेले हवेत. दुष्काळी गावावरच्या कंटाळवाण्या चित्रपटाला “दोन तास बोअर मारतात, पाणी लागत नाही” हे चपखल आहे. इंग्रजी अर्थ डोक्यात भाषांतर करून घ्यावा लागत असेल तर ती कोटी मेली समजा.

शब्द फोडून होणारा श्लेष, म्हणजे शाळेत शिकलेला सभंग श्लेष, अवघड असतो आणि जमला तर सर्वांत देखणा. “भयपट आहे; भय पटत नाही.” इथे फोडलेला तुकडा पुढच्या शब्दाला व्याकरणाने जोडला जातो, म्हणून तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही. फोडीतून उरलेल्या अक्षराला अर्थ नसेल तर तो शब्द घेऊ नका.

कान आणि डोळा यांचा वेगळा हिशेब ठेवा. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा बोलताना मिसळून जातात, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ उघडं पडतं, आणि पुण्यात ते कुणीतरी दाखवून देतंच. ‘जरा’चं उलटं. थोडं या अर्थाच्या ‘जरा’मधला ज दंततालव्य, म्हणजे ‘जाड’मधल्यासारखा; म्हातारपणाच्या ‘जरा’मधला तालव्य, म्हणजे ‘जन्म’मधल्यासारखा. “वृद्धाश्रमातली गोष्ट, जरा जास्तच” ही ओळ कागदावर दोन्ही अर्थांनी वाचता येते, मोठ्याने म्हटली की एकच अर्थ उरतो. परीक्षण लिहून द्यायचं आहे की चहाच्या टपरीवर म्हणायचं आहे, ते आधी ठरवा.

वाक्याची बांधणी अशी: पहिल्या भागात विषय, मग छोटा विराम, मग वळण. एकूण चार ते दहा शब्द. कोटीचा शब्द शक्यतो शेवटच्या तीन-चार शब्दांत आला पाहिजे. तो आधी आला तर नंतरचे शब्द हसू विझवतात. त्या शब्दाला अवतरणचिन्ह लावू नका, पुढे उद्गारचिन्ह देऊ नका. पुणेरी पाटी लिहिणारा म्हणणं मांडतो आणि थांबतो, तेच इथे करायचं.

चित्रपटाच्या नावावर कोटी करण्याचा मोह सर्वांना होतो, आणि म्हणूनच ती शिळी निघण्याची भीती मोठी. नावातला दुसरा अर्थ गोष्टीतही घडत असेल तरच तिला हात घाला. २००८ च्या ‘वळू’मध्ये गावकरी मोकाट बैलाला पकडायला निघतात, त्यामुळे “अख्खं गाव मागे, आता कुठे वळू?” यात बैलाची खरी अडचण येते. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दिवसाला चार-चार परदेशी चित्रपट पाहताना तर नाव हाताशी नसतंच. तिथे प्रत्येक खेळानंतर डावी यादी लगेच लिहा, नाहीतर संध्याकाळी दोन चित्रपटांतल्या वस्तू एकमेकांत मिसळतात.

स्तुतीची कोटी टीकेपेक्षा अवघड आहे, कारण पडणे, वाट लागणे, गळपटणे असे पडझडीचे शब्द भाषेत भरपूर. स्तुतीसाठी कारागिराच्या भाषेकडे जा. “शिंप्याच्या आयुष्यावर बेतलेला; शिवण कुठेच उसवत नाही.” “पहिलवानाची गोष्ट. पकड शेवटपर्यंत सुटत नाही.” प्रभातने पुण्यात बनवलेल्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’साठी चार शब्द पुरतात: “गाथाही तरली, चित्रपटही तरला.” यात विषय सांगायची गरज नाही, कारण गाथा म्हटलं की इंद्रायणी आपोआप येते. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पाहिलेल्या कमी परिचयाच्या जुन्या चित्रपटाला ही सवलत नसते, तिथे पहिला अर्धा भाग विषयालाच द्यावा लागतो.

कलाकाराच्या आडनावावर, रंगावर, अंगकाठीवर कोटी करू नये. आडनावामागे जात उभी असते, आणि तिथे चित्रपटाचं परीक्षण संपतं. दुःखाच्या विषयावर कोटी करता येते, पण ती पटकथेच्या किंवा अभिनयाच्या कच्चेपणावर असावी, दुःखावर कधीच नाही. शेवट फोडणारी कोटी कितीही छान असली तरी वहीतच ठेवा.

झालेली ओळ चित्रपट न पाहिलेल्या माणसाला एकदाच वाचून दाखवा. तो हसला, पण चित्रपट चांगला की वाईट हे सांगू शकला नाही, तर मत हरवलंय: पहिल्या साध्या वाक्याकडे परत जा. त्याला मत कळलं, पण हसू आलं नाही, तर बहुधा शब्दाची जागा चुकलीय, तो शेवटाकडे सरकवून पाहा. त्याने “म्हणजे?” विचारलं तर दुसरी जोडी शोधा. तीन जोड्या करून पाहिल्या आणि एकही बसली नाही, तर वहीतलं ते पहिलं साधं वाक्यच द्या.