प्रकाशनपूर्व सवलतीचे पत्रक पाठवण्यापूर्वी वाचकयादीची तयारी

प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करताना लहान प्रकाशकाचा बहुतेक वेळ पत्रकाचा कागद, चित्र आणि सवलतीचा आकडा ठरवण्यात जातो. वास्तविक ते पत्रक कोणाच्या हाती पडते यावर मागणी अधिक अवलंबून असते, म्हणून छपाईच्या निदान महिनाभर आधी यादी उघडून बसावे.

प्रथम प्रत्येक नाव कोठून आले ते पाहावे. थेट मागवून पुस्तक घेतलेले वाचक, प्रदर्शनातल्या वहीत पत्ता लिहून गेलेले वाचक, ग्रंथालये आणि परिचितांनी दिलेली नावे यांना वेगवेगळी खूण द्यावी, कारण त्यांचा प्रतिसाद सारखा नसतो. खरेदीदारांच्या नावापुढे शेवटची खरेदी कधी झाली, आजवर किती वेळा झाली, एकूण किती रुपयांची झाली आणि कोणत्या विषयाची झाली, एवढ्या नोंदी असाव्यात. त्यांत शेवटच्या खरेदीची तारीख सर्वांत बोलकी असते. तयार याद्या विकणाऱ्यांच्या वाटेला मात्र जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नावे कोणाच्या परवानगीने गोळा केली हे विक्रेता सहसा सांगत नाही आणि त्या माणसांनी घरबसल्या कधी पुस्तक मागवले आहे का, हेही कळत नाही.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण सर्वाधिक पैसा तेथेच वाचतो. एकाच घरी दोन पाकिटे जाऊ नयेत म्हणून दुहेरी नावे शोधावीत. हा शोध केवळ नावावरून लागत नाही, कारण ‘वि. ग. कुलकर्णी’ आणि ‘विनायक कुलकर्णी’ ही एकच व्यक्ती असू शकते. गावावरूनही तो फसतो. औरंगाबाद व छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद व धाराशिव, अहमदनगर व अहिल्यानगर अशा जोड्या संगणकाला वेगळी शहरे वाटतात. म्हणून सहा अंकी पिनकोड, घर क्रमांक आणि आडनाव यांचा मेळ घालून जुळणी करावी. मुंबई-पुण्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास सतत चालू असल्याने काही वर्षांपूर्वीचा पत्ता फोनवर विचारून घेतलेला बरा. नावामागच्या उपाध्याही तपासाव्यात. दिवंगत वाचकाच्या नावे पत्र गेले किंवा पती गेलेल्या बाईंना ‘सौ.’ लिहिले, तर सवलत वाचण्याआधीच पत्रक बाजूला पडते. शंका असेल तेथे उपाधी न लावता नुसते नाव लिहावे.

परवानगीचा मुद्दा कागदावर ठेवावा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येत असून वहीतले पत्ते संगणकावर उतरवले की तेही त्याच्या कक्षेत येतात. संमती स्पष्ट आणि ठरावीक हेतूसाठी असावी, तसेच ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, अशी त्यात अपेक्षा आहे. तेव्हा प्रदर्शनाच्या वहीत पत्ता कशासाठी घेतो हे छापून ठेवावे. ई-मेल पाठवणाऱ्यांनी एसपीएफ आणि डीकेआयएम या, ई-मेल खरोखर आपल्याकडूनच गेला आहे हे पटवणाऱ्या तांत्रिक नोंदी तंत्रज्ञाकडून लावून घ्याव्यात, कारण फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल त्याबाबत कडक झाले आहे. प्रचाराचे एसएमएस पाठवायचे असतील तर दूरसंचार कंपनीकडे नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो.

सगळी पाकिटे एकदम टाकू नयेत. आधी हजारभर नावांवर चाचणी घ्यावी, पण ती यादीतली पहिली हजार नसावीत; यादी पिनकोडाच्या क्रमाने लावलेली असेल तर ४०० ने सुरू होणारी मुंबईच तेवढी हाती लागेल. दर दहावे किंवा विसावे नाव घ्यावे. समजा, एका पत्रकाला सर्व खर्च धरून १२ रुपये पडतात आणि एका मागणीमागे ३०० रुपये सुटतात, तर शंभरात चार मागण्या आल्या तरच खर्च भरून निघतो. हे गणित पत्रक छापण्यापूर्वीच मांडावे. हजारात वीस मागण्या आल्या, तर खरा प्रतिसाद शेकडा एक ते तीन यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो, त्यामुळे दोन गटांतल्या अर्ध्या टक्क्याच्या फरकावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. कोणती मागणी कोणत्या गटातून आली हे कळावे म्हणून मागणीपत्राच्या कोपऱ्यात गटाची खूण छापावी. फोनवर मागणी नोंदवणाऱ्यालाही ती विचारावी.

पाकिटांवर परतीचा पत्ता असावा आणि परत आलेल्या पाकिटांवरचा पोस्टमनचा शेरा त्याच आठवड्यात यादीत चढवावा. ज्यांनी ‘पुन्हा पाठवू नका’ असे कळवले त्यांचे नाव पुसून टाकू नये. पुसले, तर पुढच्या प्रदर्शनाच्या वहीतून किंवा परिचिताच्या यादीतून ते पुन्हा आत येते. अशा नावांची वेगळी यादी करावी आणि दर वेळी लेबले छापण्यापूर्वी मुख्य यादी तिच्याशी ताडून पाहावी.