आप्पांना दिसलेले दोन पट्टे

"भाऊ, तठे पडदा फाटेल शे का?"

रात्रीचे नऊ वाजले होते. चाळीसगाव तालुक्यातल्या एका संस्थेचं सभागृह, ४० फूट रुंद नि १० फूट उंच पडदा, आणि तीन प्रोजेक्टरांनी मिळून त्यावर उभी केलेली तापीकाठची रात्र. मांडवाचं काम बघणारे आप्पा शेवटच्या रांगेत तंबाखू मळत बसले होते. त्यांनी बोट दाखवलं तिकडे काळ्या आभाळात दोन उभे राखाडी पट्टे लोंबत होते, कुणी दोन मळके पंचे वाळत घालावेत तसे. दुपारी तीनला याच पडद्यासमोर उभं राहून मी पोरांना म्हणालो होतो, "सांधा शोधून दाखवा, शंभर रुपये देतो."

माझं हे पहिलं मोठं ब्लेंडिंग, म्हणजे शेजारशेजारच्या प्रोजेक्टरांची चित्रं कडेला एकमेकांवर चढवून सांधा न दिसणारं एकच चित्र करणं. त्याआधी लग्नांमध्ये लाइव्ह पडदे लावायचो. एक कॅमेरा, एक प्रोजेक्टर, नवरी मंडपात आली की झूम. आता जळगाव-धुळ्याकडची मुलं विचारायला येतात, एक तर शिरपूरहून मोटरसायकलवर आला होता. सगळ्यांचा प्रश्न एकच: कोणतं सॉफ्टवेअर शिकू? सॉफ्टवेअर आठवडाभरात हाताला बसतं. मी त्यांच्यापुढे कागद, पेन्सिल आणि मोजायची टेप ठेवतो. काहींचा चेहरा तिथेच पडतो.

कागदावर काय करायचं ते याच पडद्यावरून सांगतो. प्रोजेक्टर १९२० बाय १२०० पिक्सेलचे, म्हणजे चित्राचं प्रमाण १६ ला १०. उंची १० फूट हवी, तर एकेकाचं चित्र १६ फूट रुंद पडणार. तीन मिळून ४८ फूट. पडदा ४० फुटांचा, म्हणजे ८ फूट जास्तीचे. ते दोन सांध्यांत वाटले की प्रत्येक सांध्यावर ४ फूट चित्रावर चित्र. हाच ओव्हरलॅप. रुंदीच्या २५ टक्के, म्हणजे ४८० पिक्सेल. संपूर्ण चित्र ४८०० बाय १२०० चं झालं, एका फुटात १२० पिक्सेल. पहिला प्रोजेक्टर ० ते १९२०, दुसरा १४४० ते ३३६०, तिसरा २८८० ते ४८००. हे आकडे मी भिंतीवर खडूने लिहून ठेवतो, कारण रात्री दोन वाजता डोकं चालत नाही.

ओव्हरलॅप किती ठेवावा यावर लोक वाद घालतात. १० टक्क्यांच्या खाली गेलात तर उजेड उतरायला जागाच उरत नाही, जरासा धक्का लागला की सांधा उघडा पडतो. मी १५ ते २५ मध्ये राहतो. "एवढे पिक्सेल वाया जातात" म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू द्यावं.

उजेडाच्या हिशेबात नवखा हमखास चुकतो. मीही चुकलो होतो. तीन प्रोजेक्टर ६००० ल्युमेनचे, एकूण १८,०००; पडदा ४०० चौरस फूट; भागाकार ४५ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप). तेवढा उजेड कधीच मिळत नाही. ओव्हरलॅपमध्ये दोघांचा उजेड मिळून एकाइतकाच ठेवावा लागतो, नाहीतर तिथे चकाकी येईल. म्हणून हिशेब एकाचाच धरायचा: ६००० भागिले १६० चौरस फूट, म्हणजे ३७.५, तेही साध्या पांढऱ्या, गेन १ च्या पडद्यावर (गेन म्हणजे पडदा समोर किती उजेड परत फेकतो ते). सिनेमागृहात १४ पुरतात, पण तिथे पूर्ण अंधार असतो. आपल्याकडे खिडक्यांना पडदे नसतात, आणि पाहुणे आले की कुणीतरी ट्यूबलाइट लावतोच.

गेनवरून आठवलं. "जास्त गेनचा पडदा घ्या, चित्र झळाळतं" असं दुकानदार सांगेल. एका प्रोजेक्टरला ते ठीक आहे. जास्त गेनचा पडदा उजेड सगळीकडे सारखा पसरवत नाही, ठरावीक दिशेला फेकतो. शेजारचे दोन प्रोजेक्टर वेगवेगळ्या कोनातून येतात, त्यामुळे मधल्या खुर्चीवरून जुळलेला सांधा कडेच्या खुर्चीवरून उघडा दिसतो. म्हणून तपासणी करताना सभागृहभर फिरा. सरपंच मध्ये बसतात, पण बाकीचं गाव कडेला बसतं.

जागेची पाहणी करताना थ्रो रेशो पाठ असू द्या: अंतर भागिले चित्राची रुंदी. लेन्स १.२ ते १.८ ची असेल तर १६ फुटी चित्रासाठी प्रोजेक्टर १९.२ ते २८.८ फुटांवर. मी मधला आकडा धरतो, दोन्हीकडे हात राहतो. मग वर बघायचं: तिथे खांब, पंखा, झुंबर काय आहे? चाळीसगावला माझ्या मधल्या प्रोजेक्टरच्या वाटेत नेमका पंखा आला. तो काढायची परवानगी मिळवण्यात अर्धा दिवस गेला. चित्र वरखाली करायचं तर लेन्स शिफ्ट वापरा, म्हणजे यंत्र न हलवता नुसती लेन्स सरकवा. कीस्टोनला हात लावू नका. त्यात यंत्र चित्र सरळ दिसावं म्हणून पिक्सेल खातं आणि सांध्यावरची अक्षरं भुरकट होतात. प्रोजेक्टर मुळातच सरळ टांगायचा. तिन्ही एका पातळीत आणायला मी गवंड्याची पाण्याने भरलेली लेव्हल नळी वापरतो. लेसर लेव्हल आहे माझ्याकडे, पण नळीला बॅटरी लागत नाही.

जुळवायला सुरू करण्याआधी तिन्ही यंत्रं निदान अर्धा तास चालू ठेवायची, कारण तापली की लेन्स नि फोकस जरा सरकतात. आपोआप उजेड कमीजास्त करणारी सगळी सोय बंद: ऑटो आयरिस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको. नाहीतर एक प्रोजेक्टर अंधारं दृश्य बघून डोळे बारीक करतो आणि शेजारचा टक्क उघडे ठेवतो. मग एकावर लाल चौकटींची जाळी, दुसऱ्यावर हिरवी. जिथे रेघा तंतोतंत बसतात तिथे पिवळी रेघ दिसते. लाल-हिरवं वेगळं दिसलं की समजायचं अजून सरकवायचंय. पोरांना हा खेळ फार आवडतो.

यानंतर येतो गॅमा, म्हणजे पाठवलेला आकडा आणि प्रत्यक्ष पडणारा उजेड यांचं नातं. सांध्यावर एकाचा उजेड हळूहळू उतरवायचा नि दुसऱ्याचा चढवायचा. मधोमध दोघांना अर्धं-अर्धं दिलं की झालं, असं वाटतं. पण संगणकाने पाठवलेला ५० टक्के आकडा म्हणजे ५० टक्के उजेड नव्हे. प्रोजेक्टरचा गॅमा २.२ असेल तर ५० टक्क्यांना उजेड पडतो जेमतेम २२ टक्के. दोघांचे मिळून ४४. म्हणजे सांध्याच्या मधोमध काळपट दरी. ती भरायला उताराची रेघ वाकवावी लागते, तेच सॉफ्टवेअरमधलं गॅमाचं बटण. पूर्ण पांढरा पडदा लावून जुळवा, मग तांबडा, हिरवा, निळा वेगवेगळा लावून पुन्हा बघा. पांढऱ्यावर लपलेला दोष निळ्यावर सापडतो.

इथवर मी सगळं नीट केलं होतं. म्हणूनच शंभर रुपयांची पैज लावायची हिंमत झाली.

चुकलो ते काळ्यावर. प्रोजेक्टरचा काळा रंग काळा नसतो. पांढऱ्या नि काळ्या उजेडाचं प्रमाण, म्हणजे कॉन्ट्रास्ट, हजारास एक धरला तर ६००० ल्युमेनचं यंत्र "काळं" दाखवतानाही ६ ल्युमेन उजेड सांडतं. ओव्हरलॅपमध्ये दोघांचा मिळून दुप्पट. पांढरा उजेड सॉफ्टवेअर उतरवू शकतं, पण शून्याच्या खाली त्याला जाता येत नाही, म्हणून हा सांडलेला उजेड त्याच्या हाताबाहेरचा. चार प्रोजेक्टर दोन-दोनच्या ओळीत लावले तर मधल्या चौकोनात चारपट. दुपारी खिडक्यांतून ऊन येत होतं, त्यापुढे एकपट काय नि दुप्पट काय, फरक दिसणार कसा? दिवे मालवले आणि गिऱ्हाइकाच्या चित्रफितीची सुरुवात निघाली काळ्याकुट्ट रात्रीने. तेव्हापासून माझा नेम आहे: काळा पडदा लावून अंधारात दहा मिनिटं बसल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही. डोळ्यांना अंधार सरावायलाही तेवढा वेळ लागतोच.

यावर उपाय दोन. पहिला ब्लॅक लेव्हल करेक्शन: पट्टे कमी करता येत नाहीत, म्हणून बाकीचा पडदा पट्ट्यांइतका उजळायचा. दुसरा प्रोजेक्टर विकत घेतानाच करायचा, जास्त कॉन्ट्रास्टचं यंत्र घेऊन. पहिला फुकट आहे, म्हणून सगळे तोच करतात.

आपल्या खानदेशाच्या हवेबद्दल बोलायलाच हवं, कारण परदेशी माहितीपत्रकांत जळगावचा मे महिना नसतो. पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बहुतेक यंत्रांची मर्यादा ४० ते ४५ अंश. पत्र्याखाली, ट्रसवर (यंत्रं टांगायच्या धातूच्या सांगाड्यावर), जमिनीपेक्षा कितीतरी जास्त गरम असतं. यंत्र आधी स्वतःचा उजेड कमी करतं, मग बंद पडतं. तिघांतलं एकच मंदावलं तर सकाळपासून जुळवलेले रंग गेले. मी वर पंखा नाही, हवा बाहेर काढणारा एक्झॉस्ट लावून घेतो. ट्रससुद्धा वाढतो: ४० फुटी अॅल्युमिनियमचा ट्रस २० अंशांनी तापला तर साधारण साडेपाच मिलिमीटर लांबतो. आपला पिक्सेल अडीच मिलिमीटरचा. म्हणजे भर दुपारी जुळवलेलं रात्री दोन पिक्सेलपर्यंत सरकू शकतं, आणि पोरं म्हणतात, "कुणी हात लावला?" शेवटची जुळवणी कार्यक्रमाच्याच वेळेच्या आसपास करा. जवळपास जिनिंग असेल तर फिल्टर रोज बघा. एकदा पारोळ्याकडे फिल्टरवर कापसाची अशी गादी साचली होती की वात वळता आली असती.

वीज गेली की आणखी एक गंमत होते. परत आल्यावर संगणक पडद्यांचा क्रम विसरतो आणि तापी डावीकडून तिसऱ्या खणात वाहू लागते. प्रत्येक आउटपुटवर ईडीआयडी एम्युलेटर लावला की हे टळतं; पडदा जोडलेलाच आहे असं तो संगणकाला भासवत राहतो. छोटीशी वस्तू आहे, पिशवीत असूच द्या. एचडीएमआयची तांब्याची साधी केबल १०-१५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही. लांब न्यायचं तर कॅट सिक्सवरून (नेटवर्कच्या केबलवरून) चित्र नेणारं एचडीबेसटी किंवा फायबर.

वाकलेला पडदा नवख्याने लगेच घेऊ नये असं माझं मत. ४० फुटांचाच पडदा १२० अंशांत वाकवला तर त्रिज्या सुमारे १९ फूट होते, आणि एका प्रोजेक्टरच्या १६ फुटांत मध्य नि कड यांच्या खोलीत दीड फुटाहून जास्त फरक पडतो. मध्ये फोकस धरला की कडा सुटतात. त्यात डाव्या बाजूचा उजेड उजव्या बाजूवर उडतो नि सगळं फिकट दिसतं. हे दुखणं जुनं आहे. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये सिनेरामा सुरू झालं, तीन प्रोजेक्टर आणि १४६ अंशांचा पडदा. तो पडदा अखंड नव्हता, उभ्या अरुंद पट्ट्या एकमेकींना थोड्या तिरक्या लावलेल्या होत्या, म्हणजे समोरून उडून आलेला उजेड मागे निघून जावा. सांधा पुसट करायला फिल्मच्या खिडकीपाशी करवतीसारख्या दातांची पट्टी वेगाने वरखाली हलायची. आपलं आजचं ब्लेंडिंग म्हणजे तेच दाते, फक्त आकड्यांत. तरी त्या काळी सांधे दिसायचेच.

गिऱ्हाईक साधा १६ बाय ९ चा, १९२० बाय १०८० पिक्सेलचा व्हिडिओ आणून देतं आणि म्हणतं, "पूर्ण पडदाभर करा." रुंदी ४८०० करायला चित्र अडीच पट ताणलं की उंची होते २७००, त्यातले दिसणार १२००. निम्म्याहून जास्त चित्र कापलं जातं. त्यात अध्यक्षांचं डोकं गेलं तर बिल अडकतं. काम घेतानाच ४८०० बाय १२०० असं लिहून द्या, आणि नावं, आकडे १४४० ते १९२० नि २८८० ते ३३६० या पट्ट्यांत टाकू नका म्हणूनही लिहा.

शिकायचं कुठे? आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा भौतिकशास्त्राचा पदवीधर, दोन्ही चालतात. इलेक्ट्रिशियनला अर्थिंग कळतं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. एकाच मॉडेलचे दोन जुने प्रोजेक्टर घ्या आणि घराची चुना लावलेली भिंत. रेझोल्युम अरीना या ब्लेंडिंगच्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती फुकट मिळते, चित्रावर त्यांचा शिक्का येतो, सरावाला काय फरक पडतो? थ्रो रेशोचे हिशेब प्रोजेक्टर कंपन्यांच्या संकेतस्थळांवर करून मिळतात, पण आधी हाताने करा. पुढे जमलं तर अविक्सा या दृकश्राव्य व्यवसायाच्या संघटनेची सीटीएस परीक्षा आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्या ती विचारतात, आपल्याकडे अजून कुणी विचारलेली नाही.

त्या रात्री मी अडीचपर्यंत बसून बाकीचा पडदा पट्ट्यांच्या पातळीला उजळवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे मालवले, तापी वाहू लागली, आभाळ एकसंध. मी मागे जाऊन आप्पांच्या शेजारी बसलो. ते बराच वेळ बघत राहिले, मग हातावरची तंबाखू झटकून म्हणाले, "पट्टा ते गयात, भाऊ. पन रात काळी नई ऱ्हायनी."