बद्धकोष्ठतेवर इसबगोल नेमका कसा घ्यावा

पोट साफ होत नाही असे कुणी म्हटले की "झोपताना चमचाभर इसबगोल घे" हा सल्ला लगेच मिळतो. किती पाण्यातून घ्यावा, इतर औषधांपासून किती अंतराने घ्यावा आणि मुळात घ्यावा की नाही, यांपैकी काहीच त्यात नसते. मग आठवडाभर पोट फुगते आणि माणूस इसबगोलालाच दोष देऊन सोनामुखीच्या चूर्णाकडे वळतो.

पहिली पायरी घरगुती उपाय चालेल की नाही हे ठरवण्याची आहे. शौचातून रक्त पडणे, डांबरासारखा काळा व चिकट मल, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक झालेला आणि टिकून राहिलेला बदल, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे. पोट फुगून दुखत असेल, उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल तर तोंडावाटे काहीही न घेता तातडीने रुग्णालय गाठावे. चालू औषधांची यादीही तपासावी. लोहाच्या गोळ्या, काही रक्तदाबाची औषधे आणि अफूवर्गातील वेदनाशामके बद्धकोष्ठता करतात. या अफूवर्गातील वेदनाशामकांमुळे झालेल्या बद्धकोष्ठतेत तर इसबगोल टाळलेलाच बरा.

बद्धकोष्ठता आहे की नाही हे रोजच्या खेपांवरून ठरवू नये. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत शौचाला होणे हे सर्वसाधारण मानले जाते. त्यापेक्षा मलाचे स्वरूप पाहावे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल मापनपट्टीत मलाचे सात प्रकार आहेत. सुटे कठीण खडे हा पहिला आणि गाठीगाठींचा लांबट मल हा दुसरा, आणि हे दोनच बद्धकोष्ठतेचे आहेत. तिसरा-चौथा प्रकार होत असेल आणि कुंथावे लागत नसेल, तर एक दिवसाआड होणाऱ्या शौचावर उपचाराची गरज नसते.

आता इसबगोल कुठे काम करतो ते पाहू, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. जठरातून अन्न साधारण दोन ते चार तासांत पुढे सरकते आणि लहान आतडे आणखी काही तासांत पार करते. मोठ्या आतड्यात मात्र त्याचा मुक्काम एक-दोन दिवस, कधी त्याहूनही जास्त असतो. आपण प्यालेले पाणी आणि लाळेपासून स्वादुरसापर्यंतचे सर्व पाचक स्राव मिळून रोज सुमारे आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो, त्यातला जेमतेम दीड लिटर मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो आणि शेवटी मलात १००-२०० मिलीलिटरच उरतो. मल जितका रेंगाळेल तितके त्यातले पाणी शोषले जाते आणि तो खड्यासारखा होतो. इसबगोलाच्या बियांवरील भुशातला बुळबुळीत पदार्थ पाणी धरून फुगतो, आपल्या एंझाइमांनी पचत नाही आणि मोठ्या आतड्यातले जीवाणूही त्याला फारसे आंबवू शकत नाहीत; त्यामुळे धरलेले पाणी तो शेवटपर्यंत सोबत नेतो. मात्र ते पाणी आपणच पुरवावे लागते.

खरी अवघड पायरी मात्रा आणि पाण्याची आहे. मला स्वतःला ती जमायला सर्वांत जास्त वेळ लागला, म्हणून ती सविस्तर सांगतो. सुरुवात एका चहाच्या सपाट चमच्याने, दिवसातून एकदाच करावी. २५० मिलीलिटर पाण्यात भुसा घालून ढवळावा आणि घट्ट होण्याआधीच बसून किंवा उभ्याने प्यावा, त्यावर आणखी निदान अर्धा पेला पाणी प्यावे. कोरडा भुसा तोंडात टाकून वर पाण्याचा घोट घेणारे अनेक जण मी पाहिले आहेत आणि प्रत्येकाला मी थांबवतो, कारण तो भुसा अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतो आणि घुसमट होऊ शकते. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांची अन्ननलिका वा आतडे कुठे अरुंद झालेले आहे, त्यांनी इसबगोल घेऊच नये. भुकटी ओतताना ती नाकात जाऊ देऊ नये. श्वासावाटे गेलेल्या कणांमुळे काहींना ॲलर्जी होऊन दम लागतो.

"झोपताना" हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. आडवे झाल्यावर पाणी पिणे थांबते आणि अन्ननलिकेतून पदार्थ खाली जाण्याचा वेगही मंदावतो, म्हणजे इसबगोलाला ज्या दोन गोष्टी लागतात त्या दोन्ही नेमक्या त्याच वेळी कमी पडतात. सकाळी किंवा संध्याकाळी, पुढे काही तास जागे राहून पाणी पिता येईल अशी वेळ निवडावी. इतर औषधे आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, थायरॉइडच्या गोळीसाठी चार तासांचे. मधुमेहींनी सुरुवातीला रक्तातली साखर अधिक वेळा तपासावी, कारण इसबगोलामुळे साखर शोषली जाण्याचा वेग कमी होतो.

मात्रा वाढवण्याची घाई हे बहुतेकांच्या अपयशाचे कारण असते. इसबगोलाचा परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी काही झाले नाही तरी चमचे वाढवू नयेत. पाच-सात दिवस तीच मात्रा ठेवून मगच एक चमचा वाढवावा आणि दोन वेळा मिळून दिवसाला साधारण दहा ग्रॅमपर्यंतच जावे. पोट थोडे फुगले तर एक पायरी मागे यावे. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे ज्यांचे पाणी मोजून दिलेले आहे, त्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

एक धोका मात्र सल्ला देणाऱ्यांच्या कधी लक्षात येत नाही. गुदाशयात कठीण मल आधीच अडकून बसला असेल, तर वरून इसबगोल घातल्याने त्यामागे आणखी गर्दी होते. वयस्कर व अंथरुणाला खिळलेल्या माणसांत हे वारंवार घडते, आणि अडकलेल्या मलाच्या कडेने पातळ पाणी झिरपते म्हणून घरचे लोक त्याला जुलाब समजतात. अशा वेळी आधी डॉक्टरांकडून खालचा मार्ग मोकळा करून घ्यावा आणि मगच इसबगोल सुरू करावा.

शौचाला बसण्याची पायरी सोपी आहे: सकाळच्या खाण्यानंतर आतड्यांची हालचाल वाढते, तेव्हा पायांखाली छोटे स्टूल घेऊन न कुंथता पाच-दहा मिनिटे बसावे.

सोनामुखीविषयी मी कडक आहे. तिच्यातले सेनोसाइड मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंमुळे सक्रिय होतात आणि आतड्याला आकुंचन पावायला भाग पाडतात. म्हणून सहा ते बारा तासांत परिणाम होतो आणि त्याबरोबर मुरडाही येतो. अडलेल्या दिवशी एखाद्या रात्री ती घेण्यास हरकत नाही, पण डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एक-दोन आठवड्यांपलीकडे रोज घेऊ नये, कारण अतिवापराने शरीरातले पोटॅशियम घटू शकते. गरोदरपणात ती स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नये. "आयुर्वेदिक" किंवा "नैसर्गिक" असे लिहिलेल्या रेचक चूर्णांच्या डबीवरचे घटक वाचावेत. त्यांत सोनामुखी अनेकदा असते आणि माणूस ती नकळत महिनोन्‌महिने घेत राहतो.

तीन-चार आठवडे मल मऊ राहिला की इसबगोल एकदम न थांबवता आठवड्याला एक चमचा कमी करावा आणि त्या काळात जेवणातला तंतूंचा भाग वाढवत न्यावा. मात्रा कमी केल्यावर खडे परत आले, तर आधीच्या मात्रेवर जाऊन तिथेच राहावे; पुरेशा पाण्यासह इसबगोल दीर्घकाळ घेता येतो आणि त्याची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. पूर्ण मात्रा आणि पुरेसे पाणी चार आठवडे देऊनही फरक पडला नाही, तर दुसरे चूर्ण शोधत न बसता तपासणी करून घ्यावी, कारण कटितळाच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा समन्वय बिघडणे किंवा थायरॉइड मंदावणे अशी कारणे इसबगोलाने सुटत नाहीत.