शेंगदाणा, काजू, बदाम काहीही न घालता कुकीज: सूर्यफुलाच्या बियांचं बटर घरी करून

घरात कुणाला शेंगदाण्याची किंवा काजू-बदामाची अ‍ॅलर्जी असली की बाहेरची बिस्किटं, केक, नानकटाई सगळंच बंद होतं, आणि मुलांच्या वर्गात असं कुणी असेल तर वाढदिवसाला वाटायला काय द्यायचं हा प्रश्न येतोच. त्यासाठी या कुकीज फार कामाच्या आहेत. पीनट बटरच्या जागी सूर्यफुलाच्या बियांचं बटर घालायचं, बाकी कृती जवळपास तीच, चव छान खमंग येते. पण मला रेसिपीपेक्षाही जास्त आपल्या स्वयंपाकघराबद्दल सांगायचंय, कारण आपल्याकडे दाण्याचं कूट साबुदाण्याच्या खिचडीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात जातं आणि ते ज्या मिक्सरच्या भांड्यात होतं त्याच भांड्यात आपण हे बटर करायला घेतो.

काहीजण म्हणतात शेंगदाणा कुठे नट आहे, ती तर शेंग. ते खरंय, पण ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याला त्याने काही फरक पडत नाही. आणि भाजलं किंवा बेक केलं की अ‍ॅलर्जीचा त्रास होत नाही हा समज तर डोक्यातून काढूनच टाका, उष्णतेने ती प्रथिनं निघून जात नाहीत. अगदी थोडंसं कूट पुरतं त्रास व्हायला.

म्हणून सुरुवात भांड्यांपासून. मिक्सरचं भांडं साबणाने घासा, पात्याच्या खाली आणि झाकणाच्या रबरी रिंगमध्ये कूट अडकून बसतं, रिंग काढून वेगळी धुवा. अ‍ॅलर्जी घरातच कुणाला असेल तर सरळ वेगळं भांडं ठेवा, रोज ती धाकधूक नको. लाकडी पोळपाट, लाकडी चमचे वापरू नका, त्यांच्या चिरांमध्ये राहतं, स्टीलचंच घ्या. ओटा पुसायचं फडकं नवीन घ्या, हात साबण-पाण्यानेच धुवा, सॅनिटायझरने हे निघत नाही. आणि ट्रेला लावायला घाण्याचं शेंगदाणा तेल चुकूनही नको.

आता बिया. सोललेल्या, कच्च्या, बिनमिठाच्या घ्या. ड्रायफ्रूटच्या दुकानात सुट्या मिळतात त्या या कामासाठी नकोतच, तिथे बदाम-काजूचं आणि बियांचं माप एकच असतं बऱ्याचदा. बंद पाकीट घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा, त्याच कारखान्यात शेंगदाणे किंवा नट्स हाताळले जातात असं लिहिलेलं असेल तर ते ठेवून द्या. शेतातल्या काळ्या सालीच्या तेलाच्या बिया आणून घरी सोलत बसू नका, खूप वेळ जातो आणि हाताला फारसं काही लागत नाही.

बटरसाठी 250 ग्रॅम बिया जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत भाजा, साधारण 8-10 मिनिटं, हलका सोनेरी रंग आला आणि वास सुटला की लगेच ताटात काढा, कढईत ठेवल्या तर त्या तापलेल्या कढईतच पुढे करपतात आणि मग सगळं बटर कडू. कोमट झाल्या की मिक्सरला लावा. आधी कूट होईल, मग गोळा होऊन कडेला चिकटेल, इथे बरेच जण पाणी घालतात, ते अजिबात घालायचं नाही, पाण्याने ते अजूनच आकसतं आणि टिकत पण नाही. मिनिटभर फिरवा, थांबा, कडा खरवडा, मिक्सर तापला असेल तर गार होऊ द्या आणि परत फिरवा, बियांमधलं तेल सुटायला वेळ लागतो पण सुटतं. फारच अडलं तर 2 छोटे चमचे सूर्यफूल तेल घाला. चमच्यावरून ओघळायला लागलं की झालं, चिमूटभर मीठ घाला, काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा.

साधारण 20 कुकीजना लागतं ते असं: हे बटर 125 ग्रॅम, नेहमीचं बटर 75 ग्रॅम, गूळ पावडर किंवा ब्राऊन शुगर 110 ग्रॅम, मैदा 150 ग्रॅम (अर्धी कणीक चालते, कुकी जरा खुसखुशीत कमी होते), बेकिंग पावडर पाऊण छोटा चमचा, दूध 2 मोठे चमचे, लिंबाचा रस 1 छोटा चमचा, व्हॅनिला. खारं बटर असेल तर वरून मीठ नको. अंडं लागत नाही.

लिंबू कशाला म्हणाल तर, या बियांमध्ये क्लोरोजेनिक अ‍ॅसिड असतं आणि खायचा सोडा घातला की पीठ अल्कलाइन होतं, मग त्या अ‍ॅसिडची बियांमधल्या प्रथिनांशी क्रिया होऊन कुकीज गार झाल्यावर आतून चक्क हिरव्या दिसायला लागतात, कधी दुसऱ्या दिवशी. बुरशी वाटून लोक फेकून देतात. खराब नसतात, खुशाल खा, पण मुलं हिरवी कुकी बघून तोंड फिरवतात म्हणून सोडा टाळायचा, बेकिंग पावडर बेतानेच आणि वर तो लिंबाचा रस. चव लागत नाही लिंबाची.

नेहमीचं बटर, गूळ पावडर आणि बियांचं बटर हलकं होईपर्यंत फेटा, मग दूध, लिंबू, व्हॅनिला. मैदा आणि बेकिंग पावडर चाळून घाला आणि हलक्या हाताने गोळा करा, मळायचं नाही. पीठ नानकटाईच्या पिठापेक्षा थोडं मऊ हवं, चिकट वाटलं तर अर्धा तास फ्रिजमध्ये. चॉकलेट चिप्स घालायच्या तर त्यांचंही पाकीट वाचा, चॉकलेटच्या कारखान्यात नट्स बहुतेक असतातच.

लिंबाएवढे गोळे करून बटर पेपरवर दोन बोटं अंतर ठेवून लावा, काट्याने जरा दाबा. ओटीजी 170 डिग्रीला आधी तापवून घ्या, 11-13 मिनिटं. कडा सोनेरी आणि मधे अजून मऊ असतानाच बाहेर काढायच्या, ही एक गोष्ट नीट पाळा, कारण गार होताना त्या कडक होतात, आणि ट्रेवरच 10 मिनिटं राहू द्या, गरम उचलल्या तर तुटतात. ओव्हन नसेल तर जाड कढईत स्टँड ठेवून झाकण लावून 10 मिनिटं तापवा आणि मंद आचेवर 15-18 मिनिटं करा, रंग कमी येतो पण चव तीच. डब्यात आठवडाभर टिकतात.

दुसऱ्याच्या मुलासाठी करणार असाल तर आधी त्याच्या आईबाबांना विचारा, क्वचित कुणाला सूर्यफुलाच्या बियांचीही अ‍ॅलर्जी असते, आणि तीळ घालायचा विचार असेल तर तेही विचारा कारण तिळाची अ‍ॅलर्जी असणारेही बरेच आहेत. वापरलेली सगळी पाकिटं फेकू नका, मागच्या बाजूचे फोटो काढून त्यांना आदल्या दिवशीच पाठवा, म्हणजे त्यांना निवांत वाचून हो किंवा नको सांगता येतं.